सतरा डॉलरचा बॉक्स घ्यावा की घरी काडतुसं भरावी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्कीटवर, म्हणजे हवेत उडणाऱ्या थाळ्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या खेळावर, लिहिलं तेव्हा एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की अमेरिकेत स्कीट चार बोअरनी (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप) खेळतात, १२, २०, २८ आणि फोर-टेन, आणि त्यातल्या शेवटच्या दोघांची काडतुसं मी शक्यतो विकत घेत नाही, घरीच भरतो. झालं! अर्ध्या लोकांना हिशोब हवाय, बाकीच्यांना मी कधी उडतोय याची काळजी. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यावरच. एक आधीच सांगतो, काडतुसात किती ग्रेन (दारू मोजायचं वजन) बंदुकीची दारू घालायची ती रेसिपी मी इथे लिहिणार नाही, पत्रात विचारलीत तरी नाही. ती दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तकातूनच घ्यायची, माझ्याकडून नाही आणि क्लबातल्या काकांकडूनही नाही.

प्रश्न (ऑस्टिन, टेक्सस): आठ महिने १२ बोअरनी स्कीट खेळलो, आता २८ घेतली आणि प्रेमातच पडलोय. पण १२ चा २५ काडतुसांचा बॉक्स साडेनऊ डॉलरला मिळतो आणि २८ चा सतराला. काडतूस लहान, छर्रे कमी, दारू कमी, मग महाग कसं? आणि घरी भरून खरंच पैसे वाचतात का ही नुसती टूम आहे?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे, मलाही पहिल्यांदा दुकानदार थट्टा करतोय असंच वाटलं होतं. कारण साधं आहे, १२ बोअरची काडतुसं प्रचंड संख्येने निघतात, डोंगरावारी, दुकानं ती सेलला लावतात, शिकारीच्या सीझनआधी तर कधीकधी गिऱ्हाईक आत यावं म्हणून जवळजवळ खरेदीच्या भावात देतात. २८ आणि फोर-टेनचं गिऱ्हाईक थोडं, कंपनी मध्येच कधीतरी मशीन त्यावर लावते, थोडा माल काढते आणि परत १२ वर जाते. म्हणजे तुम्ही जे जास्त पैसे देता ते शिशाचे नाहीत, दारूचे नाहीत, ते कमी खपाचे आहेत. आणि नेमकं तेच घरी भरणाऱ्याच्या पथ्यावर पडतं, कारण माझ्या गराजमध्ये खपाचा प्रश्नच नाही, मला फक्त कच्चा माल पडतो.

आता हिशोब, माझ्या ओहायोतल्या दुकानातले यंदाचे भाव धरून, तुमच्याकडे दोन-चार डॉलर इकडेतिकडे होतील. छर्ऱ्यांची पिशवी २५ पौंडांची येते, मला साधारण ५५ डॉलरला पडते. २५ पौंड म्हणजे ४०० औंस. फोर-टेनच्या स्कीट काडतुसात अर्धा औंस छर्रे जातात, म्हणजे एका पिशवीत ८०० काडतुसं, प्रत्येकी सात सेंट. २८ मध्ये पाऊण औंस, म्हणजे ५३३ काडतुसं, दहा सेंट. दारूचा पौंडाचा डबा ४८ डॉलर, त्यात ७००० ग्रेन, लहान बोअरची पाचशेच्या आसपास काडतुसं निघतात, म्हणजे पुन्हा दहा सेंट धरा. प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी तळाची छोटी टोपी, हजाराला ८० डॉलर, म्हणजे आठ सेंट. वॅड, म्हणजे दारू आणि छर्ऱ्यांच्या मधला तो प्लास्टिकचा पेला, साडेतीन-चार सेंट. सगळं मिळून फोर-टेन २८ सेंटला, २८ बोअर ३२ सेंटला. बॉक्सचे झाले सात आणि आठ डॉलर. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, फुकट, कारण ती तुम्ही आधी एकदा सतरा डॉलर मोजून विकत घेतलेलीच आहे.

आता हेच १२ बोअरला लावून बघा. एक औंसाचं काडतूस धरलं तर छर्रेच चौदा सेंटचे, दारू बारा-तेरा, प्रायमर आठ, वॅड तीन, बॉक्स सव्वानऊच्या वर जातो. दुकानात साडेनऊ! पंचवीस काडतुसांमागे पाव डॉलर वाचवायला कोण प्रेसचं, म्हणजे काडतुसं भरायच्या यंत्राचं, हँडल ओढत बसणार? मी स्वतः १२ भरायचं कधीच सोडलं, आता सरळ फ्लॅट उचलतो, दहा बॉक्सचा. त्यामुळे कुणी सरसकट ‘रीलोडिंग परवडतं’ म्हणालं तरी खरं नाही आणि ‘आता काही परवडत नाही’ म्हणालं तरी खरं नाही, कुठली बोअर ते आधी विचारायचं.

बॉक्समागे नऊ-दहा डॉलर वाचतात हे ऐकायला छान आहे पण आता तुमचं गणित. साधी एकेरी प्रेस, वजनकाटा, दोन-चार किरकोळ वस्तू, ३५० डॉलर धरा. दहानं भागलं की ३५ बॉक्स. आठवड्याला एक राउंड (पंचवीस बार, म्हणजे एक बॉक्स) २८ चा खेळत असाल तर आठ-नऊ महिन्यांत प्रेस फिटली. महिन्यातून दोनदाच जमत असेल तर दीड वर्ष. आणि हो, दारू-प्रायमर एक-एक डबा असं आणून भागत नाही, ऑनलाइन मागवलं की त्यावर ज्वालाग्राही मालाचं वेगळं शुल्क लागतं, डबा एक असो की आठ, शुल्क तेच, त्यामुळे लोक एकदम आठ पौंडांचा डबा आणि पाच हजार प्रायमर घेतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात, प्रेस सोडून, आठशेच्या आसपास डॉलर गेले. बायकोला हा आकडा प्रेस आणायच्या आधी सांगा, नंतर नाही. मी नंतर सांगितला होता.

वेळेचं म्हणाल तर मी फोर-टेन तासाला तीन बॉक्स भरतो, म्हणजे तासाला तीस डॉलर वाचले. आयटीत कन्सल्टिंग करणारे हसतील. पण मी तो वेळ एरवी टीव्हीसमोर फुकटच घालवला असता, आणि खरं सांगायचं तर वाचलेले पैसे काही बँकेत गेले नाहीत, पूर्वी आठवड्याला दोन राउंड खेळायचो ते आता चार खेळतो.

पैशापलीकडचंही एक कारण आहे. २०२० मध्ये काय झालं आठवतंय ना, कोविड आला, लोकांनी दुकानं साफ केली, त्यातच जुलैमध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. आमच्या दुकानात त्या वर्षी फोर-टेनच्या फळीवर धूळ दिसायची, खरी धूळ. ज्यांच्याकडे प्रायमरचा साठा होता ते खेळत राहिले. अर्थात प्रायमरही मिळेनासे झाले तेव्हा रीलोडिंगवालेही घरी बसले, त्यामुळे ‘घरी भरतो म्हणजे मी स्वतंत्र’ हा गैरसमज नको.

प्रश्न (ऑस्टिनचेच, दुसऱ्या मेलमध्ये): मग कुठली प्रेस? पुंगळ्या कुठल्या जपून ठेवू?

उत्तर: पहिली प्रेस म्हणून मेक ६०० ज्युनिअर, विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावची. दिसायला ओबडधोबड, पण वर्षानुवर्षं चालते आणि पार्ट मिळतात. ही एकेरी आहे, म्हणजे एक पुंगळी हातात घेऊन पाच ठिकाणी फिरवायची, जुना प्रायमर काढा, नवा बसवा, दारू-वॅड-छर्रे, मग तोंड दुमडायला सुरुवात, मग शेवटचा दाब. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये हँडलच्या प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर येतं पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, एक चूक झाली की ती कळेपर्यंत सहा काडतुसांत पसरलेली असते.

पुंगळ्या विंचेस्टर डबल-ए किंवा रेमिंग्टन एसटीएस, क्लबात जमिनीवरून उचलताना या दोनच उचला (क्लबाचा नियम आधी विचारा, काही ठिकाणी खाली पडलं ते क्लबाचं). फोर-टेनची पुंगळी चार-पाच वेळा भरून होते मग तोंडाशी चिरते किंवा घडीच्या टोकाला टाचणीएवढं भोक पडतं, तेव्हा कंजुषी न करता कचऱ्यात. काही पुंगळ्यांच्या तळाला वेगळा बसवलेला तुकडा असतो, तो हलतोय का ते प्रत्येक वेळी आत डोकावून बघायचं, तो सुटून नळीत अडकला तर पुढचा बार महागात पडेल.

फोर-टेनचा एक खास छळ आहे तो पुस्तकात नीट सांगत नाहीत म्हणून इथे सांगतो. तिची छर्रे पडायची नळी इतकी अरुंद की छर्रे एकमेकांना अडून कमान करतात आणि वरच थांबतात. स्कीटचे ९ नंबरचे छर्रे म्हणजे दोन मिलिमीटरचे, मोहरीएवढे, अर्ध्या औंसात तीनशेला थोडे कमी. हँडल खाली गेलं, तुम्हाला वाटलं पडले, प्रत्यक्षात निम्मे पडले, पुंगळी काढली की उरलेले सगळे टेबलावर, मांडीवर, जमिनीवर. म्हणून माझी प्रेस एका जुन्या पराती­त ठेवलेली आहे, आईने इकडे येताना पोह्यांसाठी आणलेली. आणि नळीवर बोटाने दोनदा टिचकी मारायची, प्रत्येक वेळी, चुकता कामा नये. ८ नंबरचे छर्रे घेतलेत तर हा त्रास आणखी वाढतो.

शेवटी तोंड बंद होतं ते बघायला मात्र मजा येते. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडून वर एकत्र आणतात ना, तशाच सहा कळ्या, फक्त टोक वर न काढता आत दाबून सपाट. मध्ये भोक राहिलं तर छर्रे गळतात, मध्ये खड्डा पडला तर आतला ऐवज कमी आहे, फुगलं तर जास्त. पंधरा-वीस बॉक्स भरल्यावर नुसत्या तोंडाकडे बघून आत काय चुकलंय ते कळायला लागतं.

दारू कुठली ते पुस्तक सांगेलच, फक्त एक गोष्ट टंचाईत उपयोगी पडते. फोर-टेनवाले ज्या दारूंची नावं घेतात त्यातली हॉजडनची एच-११० आणि विंचेस्टरची २९६ ही एकच दारू आहे, डबे दोन. हे मला कळलं तोवर मी एकीसाठी तीन गावं हिंडून आलो होतो, दुसरी शेजारच्याच दुकानात पडून होती. पण ही सूट या जोडीपुरतीच, बाकी कुठलीही दारू दुसरीच्या जागी ‘साधारण तशीच दिसते’ म्हणून घालायची नाही. दारू, पुंगळी, वॅड, प्रायमर या चारातलं एक जरी बदललं तरी पुस्तकातली ओळ बदलते.

प्रश्न (सिनसिनाटी): क्लबातल्या एका निवृत्त गृहस्थांनी २८ ची घरी भरलेली दोनशे काडतुसं अर्ध्या भावात देऊ केलीत. माणूस अगदी सज्जन आहे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. सज्जनपणाचा आणि दारूच्या वजनाचा काही संबंध नाही. दुसरं म्हणजे स्वतःसाठी भरायला केंद्राचं लायसन लागत नाही पण विकण्यासाठी भरायची म्हटली की उत्पादकाचं लायसन लागतं, ते त्यांच्याकडे असेल असं वाटत नाही, हे त्यांना हळूच सांगा, बिचाऱ्यांना माहीतही नसेल.

मी स्वतः भरलेल्या काडतुसावरही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही याचं कारण सांगतो. चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी भरत बसलो होतो आणि पुण्याहून आईचा फोन आला. एका हाताने हँडल, खांद्यात फोन, कुणाच्या तरी बारशाला कोण आलं कोण नाही ते चाललंय आणि मी हो हो करतोय. पुढच्या शनिवारी दुसऱ्या स्टेशनवर (स्टेशन म्हणजे उभं राहून बार टाकायची ठरलेली जागा) उभा, थाळी सुटली, चाप ओढला आणि नेहमीच्या ‘धाड’ऐवजी ‘फुस्स’, ओल्या सुतळी बॉम्बसारखं. खांद्याला धक्का नाही. हात आपोआप दुसऱ्या नळीच्या बारासाठी पुढे गेला, दुसरी थाळी हवेत होती ना, तेवढ्यात मागून आमच्या स्क्वाडमधली बाई जोरात ओरडली, थांब! बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, पुंगळ्या काढल्या, नळीतून आभाळाकडे बघितलं. एका नळीत आभाळ दिसलं, दुसरीत नाही. मधोमध वॅड अडकलेला होता. फोनच्या नादात त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती, एकट्या प्रायमरच्या जोराने वॅड निम्म्या वाटेपर्यंत गेला. नशिबाने माझी दोननळी आहे आणि दुसरा बार दुसऱ्या नळीचा होता, पण पुढच्या स्टेशनवर त्याच नळीत चांगलं काडतूस घालून मी बार टाकला असता तर नळी फाटली असती, आणि नळीखाली डावा हात असतो.

तेव्हापासून भरताना फोन स्वयंपाकघरात. आणि आवाज वेगळा आला, कसाही, की बंदूक खाली तोंड करून थांबायचं, मोडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड बघायचा. थाळी गेली तर गेली.

प्रश्न (शिकागोजवळून, एका वाचक ताई): आमच्याकडे यांनी तळघरात हा कारखाना थाटलाय. घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं. घरात दारू ठेवणं (बाटलीतली नव्हे!) धोक्याचं नाही का? हे म्हणतात काही होत नाही.

उत्तर: ताई, ‘काही होत नाही’ हे उत्तर चुकीचं आणि ‘घर उडेल’ हेही चुकीचं. आजची बिनधुराची दारू मोकळी पेटली तर भस्सकन जळते, जुन्या काळ्या दारूसारखी स्फोट करत नाही, पण ती घट्ट बंद लोखंडी पेटीत कोंडलेली असेल तर मामला वेगळा. म्हणूनच कंपनीचा डबा मुद्दाम कच्चा असतो, दाब आला तर फुटून मोकळा व्हावा. त्यातून काढून सुंदरशा काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात भरायची नाही, दुधाच्या पावडरचा डबा तर मुळीच नाही, हे मी मुद्दाम लिहितोय कारण पाहिलंय. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेप्रमाणे घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत दारू आणि १०,००० प्रायमर एवढी मर्यादा धरतात, गावाचे नियम याहून कडक असू शकतात आणि भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर करार वाचा. हीटर-बॉयलरपासून लांब, कुलूपबंद लाकडी कपाटात, प्रायमर एका कप्प्यात, दारू दुसऱ्या.

पण खरं सांगू, मुलं असलेल्या घरात मला दारूपेक्षा शिशाची भीती जास्त वाटते, कारण ते दिसत नाही. छर्रे हाताळले की हात करडे होतात आणि वापरलेल्या प्रायमरच्या राखेतही शिसं असतं. तेच हात तोंडाला, मुलांच्या गालाला. तेव्हा यांना चार गोष्टी ठणकावून सांगा: खाली चहा-चिवडा न्यायचा नाही, वर आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कुणाला उचलायचं नाही, तो शर्ट वेगळा धुवायचा, आणि तळघराचा झाडू वेगळा. व्हॅक्यूमने तिथे साफ करायचं नाही, सांडलेली दारू आणि एखादा घरंगळलेला प्रायमर व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये गेला तर ठिणगी तयारच असते. ओल्या फडक्याने पुसायचं. मुलांनी हँडल ओढायला मागितलं तर, माझं मत विचाराल तर, बारा वर्षांपर्यंत नाही. लोक मला यावरून जुनाट म्हणतात, म्हणू देत.

प्रश्न (राले, नॉर्थ कॅरोलायना): मी एच-१बी वर आहे. मित्राबरोबर बंदूक भाड्याने घेऊन खेळायचं आणि घरी फक्त काडतुसं भरायची, बंदूक नाही, असं चालेल का?

उत्तर: इथे मात्र थांबा. केंद्रीय कायद्याप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही, आणि भाड्याची बंदूक तासाभरासाठी हातात घेणं हेही बाळगणंच. काही अपवाद आहेत, त्यातला आपल्या लोकांच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन. ते असलं तर दार उघडतं. पण बहुतेकांना हे माहीत नसतं की दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसतं तयार काडतूस नाही, प्रायमर आणि दारूसुद्धा येते. म्हणजे बंदूक नसताना नुसती प्रायमरची डबी कपाटात असली तरी कायद्याच्या दृष्टीने तुमच्याकडे दारूगोळा आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना असली भानगड कुणाला हवीये? आधी हंटरचा कोर्स, मग लायसन, ते संपायच्या आत रिन्यू, आणि तरीही इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून मगच.

प्रश्न (ह्यूस्टन): मुलगी अकरा वर्षांची, शिकायचं म्हणतेय. सगळे म्हणतात लहान मुलीला लहान बोअर द्या, फोर-टेन. आणि फोर-टेनला गेज का म्हणत नाहीत?

उत्तर: दुसऱ्याचं उत्तर आधी. गेज म्हणजे नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात होतात तो आकडा, म्हणून आकडा मोठा तेवढी नळी लहान. १२ ची नळी ०.७२९ इंच, २८ ची ०.५५०. फोर-टेन मात्र सरळ इंचातलं माप आहे, ०.४१० इंच. त्या जुन्या हिशोबाने ती ६७-६८ गेज झाली असती.

आता मुलीचं. फोर-टेन नका देऊ. ती नवशिक्यांची नाही, मुरलेल्यांची बोअर आहे, अर्ध्या औंसात छर्ऱ्यांचं जाळं इतकं विरळ पडतं की बरोबर नेम धरूनही थाळी न फुटता निघून जाते आणि पोरीला वाटतं मलाच येत नाही. वर मुलांसाठी म्हणून मिळणाऱ्या त्या एकनळी फोर-टेन इतक्या हलक्या असतात की धक्का काही फार कमी बसत नाही. २८ द्या, किंवा २० ची गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (जळलेल्या दारूच्या गॅसच्या जोरावर पुढचं काडतूस आपोआप चढवते, धक्का कमी) आणि हलकी काडतुसं. पंचवीसातल्या दहा थाळ्या फुटल्या की ती स्वतःच परत चला म्हणेल. आणि तुम्ही १२ खेळता, ती २० खेळणार, तर दोघांची काडतुसं एका पिशवीत कधीही नाही! २० चं काडतूस चुकून १२ च्या नळीत टाकलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी दिसते, माणूस वरून १२ चं घालतो, मग काय होतं ते सांगायला नको. म्हणूनच २० ची पुंगळी पिवळी करतात. घरी भरायला लागलात तर रंग बघूनच पुंगळ्या वेचा.

प्रश्न (सातारा): आजोबांची १२ बोअर आहे, लायसन माझ्या नावावर करून घेतलंय, रानडुकरांमुळे शेताला लागते. काडतुसं मोजकी मिळतात आणि महाग. अमेरिकेतला भाचा म्हणतो भरायची प्रेस बॅगेत घालून आणतो. आणू दे का?

उत्तर: भाच्याला आजच फोन करा आणि नको म्हणा. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला वेगळं लायसन लागतं, बंदूक बाळगायचं लायसन त्याला चालत नाही, आणि रिकामी पुंगळी परत भरणं म्हणजे बनवणंच. शिवाय त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग तर येतातच, काडतूस बनवायचं यंत्रही येतं. म्हणजे भाचा मुंबईला उतरून कस्टमसमोर उभा राहील तो प्रेस घेऊन नव्हे, कायद्याच्या भाषेत दारूगोळा घेऊन. गावाकडे ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे ठासायची सवय असलेली जुनी माणसं म्हणतील, त्यात काय एवढं, आम्ही भरायचो. ठासणीची गोष्ट वेगळी, तिथे नळीतच भरायचं असतं, काडतूस नसतंच. तुम्ही परवान्यावर जेवढी मिळतात तेवढीच घ्या, परवानाधारक दुकानातूनच, आणि कमी पडत असतील तर परवान्यावरची मर्यादा वाढवून मागायचा अर्ज करा, वेळखाऊ आहे पण तोच रस्ता.

आणि भाच्यासाठी एक, खरं तर इकडून सुट्टीला जाणाऱ्या सगळ्यांसाठीच. लाल-पिवळ्या रिकाम्या पुंगळ्यांचे कीचेन मुलांना फार आवडतात, क्लबात पोरं खिसे भरून घेतात. ते भारतात न्यायचे नाहीत, विमानतळावरच्या माणसाला ते कीचेन वाटणार नाही. बॅग भरायच्या आधी शूटिंगच्या जॅकेटचे आणि त्या बॅगेचे सगळे खिसे उलटे करून बघा, आतली चेनची जागासुद्धा. मी गेल्या वेळी निघायच्या आदल्या रात्री बघितलं तर तीन काडतुसं निघाली, दोन रिकामी आणि एक भरलेलं.